आवाजाकडे पाठ

१

मी अकरा वर्षं नगरला पोलीस वायरलेसमध्ये काढली. डावा कान अधू झाला म्हणून घरी बसवलं, तेव्हा नेवाशाच्या पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक मला वायरलेस मास्तर म्हणायचे. पुढे 'वायरलेस' गळालं, मास्तर राहिलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला खोटारडा म्हणाल. खुशाल म्हणा. पण रेडिओतलं मला कळत होतं आणि छगन सुताराला कळत नव्हतं, एवढं तरी मान्य करा.

बहात्तर साल कोरडं गेलं आणि त्र्याहत्तरला पाऊस लागला तो थांबेना. श्रावणात प्रवरा दोनदा घाटाच्या वरच्या पायरीला लागून गेली. तेव्हा तालुका कचेरीनं ठरवलं की, नदीकाठच्या गावांनी रोज दुपारी साडेबाराला पुणे केंद्रावरची पूर-सूचना ऐकायचीच. सोपं वाटतं. पण दुपारच्या वेळी पुण्याचा आवाज आमच्याकडे येतो तो निम्मा खरखरीत बुडालेला. त्याला खास एरियल लागतं, जे एकाच रेघेतलं ऐकेल आणि बाकीच्या गोंगाटाला कान देणार नाही. कचेरीतले आप्पासाहेब माझ्या दुकानाची पायरी चढले, तेव्हा मला धन्य वाटलं होतं.

मी आकृती काढून दिली. दोन फुटी लाकडी चौकट, तिच्यावर तांब्याच्या तारेचे बारा वेढे, खाली केंद्र जुळवायला फिरवायचा कंडेन्सर. ट्रान्झिस्टर नुसता शेजारी ठेवायचा, वायर जोडायचीही गरज नाही. अशा चौकटीची दिशा लावायची एक रीत असते. आवाज मोठा कुठे येतो ते शोधायचं नाही, तिथे कान फसतो. तो मरतो कुठे ते शोधायचं. चौकट हळूहळू फिरवत न्यायची, एका जागी आवाज एकदम पडतो. तेव्हा चौकटीचं तोंड केंद्राच्या रेघेत असतं. मग ती काटकोनात वळवून पक्की करायची.

लाकूडकाम छगन मिस्त्रीनं केलं. आठ गावांच्या आठ चौकटी माझ्या मापानं केल्या, आणि नववी त्यानं स्वतःच्या अंगणासाठी केली. ती मात्र तीन फुटी.

२

तीन फुटी चौकट चांगली चालते हे मला माहीत होतं. मी दोन फुटी का केली, तर मोठी माझ्या दुकानाच्या दारातून निघत नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही. छगनला म्हणालो, "मोठी वाऱ्यानं हलते, मिस्त्री." त्यानं मान डोलावली आणि तीन फुटीच केली. नऊ वेढे घातले, का नऊ ते त्याला विचारलं तर म्हणाला, "तार तेवढीच उरली हुती."

आणि ती चौकट बोलायला लागली. माझ्या दुकानात बाई निवेदन करतेय की कुणी भाकऱ्या थापतंय ते कळायचं नाही, आणि छगनच्या अंगणात तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. आप्पासाहेब मुद्दाम येऊन ऐकून गेले. जाताना माझ्या दुकानावरून गेले, पायरी चढले नाहीत.

मी जळलो. तोंडाची चव गेली. पण खरी आग लागली ती विजयमालेमुळे. विजयमाला माझी बायको. माहेर राजूरचं. वर राजूरच्या डोंगरात पाऊस झाला की तेच पाणी आमच्या घाटाला लागतं, म्हणून पुराची सूचना तिला माहेरच्या निरोपासारखी वाटायची. आम्हाला मूलबाळ नाही. दुपारचं जेवण उरकलं की तिला वेळच वेळ. आधी ती माझ्या दुकानात येऊन ऐकायची. मग एके दिवशी आलीच नाही.

"छगनभाऊंच्याकडं लई साफ येतं वो," संध्याकाळी ती म्हणाली. "रतनबाई बी म्हनली, रोज येत जा."

रतनबाई म्हणजे छगनची बायको. तिथे पाच-सात बायका जमायच्या, मधे रतनबाई शेंगा फोडत बसलेली असायची. त्यात वावगं असं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी तीन दिवस घरात धड बोललो नाही.

चौथ्या दिवशी माझा ट्रान्झिस्टर काखोटीला मारून मीच त्याच्या अंगणात गेलो. म्हटलं, बघू तरी काय दिवे लावलेत. दोन्ही रेडिओ पुण्यावर लावले, त्याचा चौकटीशेजारी आणि माझा दहा पावलांवर, चौथऱ्यावर. दोन्हीवर एकच गाणं चालू होतं. बारा पंचविसाला छगनच्या रेडिओवरचं गाणं मधेच पडलं आणि बाई बोलायला लागली. माझ्या रेडिओवर गाणं चालूच होतं.

"ही पूर-सूचना आहे. प्रवरा नदीकाठच्या पुढील गावांनी सावध राहावे." मग गावांची नावं. सगळी ओळखीची, आणि शेवटी एक जास्तीचं: कासारखेड. साडेबाराला माझ्या रेडिओवर पुण्याची बाई बोलली, तीच वाक्यं, तीच गावं. कासारखेड नव्हतं.

कासारखेड आमच्यापासून सात मैल खाली, प्रवरा गोदावरीला मिळते त्या संगमाच्या बाजूला. गोदावरीवर मोठं धरण बांधायचं चाललं होतं, त्याच्या पाण्याखाली ते जाणार म्हणून दोन वर्षांपूर्वीच उठवलेलं. तिथे पाखरूसुद्धा राहत नव्हतं.

"जुन्या यादीत ऱ्हायलं असंल," छगन म्हणाला.

"आणि पाच मिनिटं आधी कसं येतं?"

"चौकट मोठी हाय न्हवं," तो म्हणाला, अगदी मनापासून. बायका हसल्या. विजयमालासुद्धा हसली.

३

माझी खात्री झाली की छगन लबाडी करतोय. कुणीतरी बाई कुठल्यातरी खोलीत बसवून, मायक्रोफोन लावून, गर्दी जमवायला हा खेळ मांडलाय. वायरलेसमध्ये असले प्रकार मी पाहिले होते. छगनला मायक्रोफोन म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण जळणाऱ्याला एवढं सुचत नाही.

दोन दिवसांत त्या सूचनेला शेपूट फुटलं. गावांची नावं संपली की बाई म्हणायची, "कासारखेडच्या लोकांनी आवाजाकडे पाठ करावी आणि चालू लागावे. मागे वळून पाहू नये. सूचना समाप्त." मी कचेरीत जाऊन आप्पासाहेबांना विचारलं. ते चहा पीत होते. "मास्तर, कासारखेड नकाशातून गेलं. तुम्हीपण आता जरा विश्रांती घ्या," म्हणाले.

मग मी छगनकडे चौकट मागितली. वाटलं, नाही म्हणेल, चोर सापडेल.

"न्या की. तुमचीच इद्या हाय," तो म्हणाला. स्वतः उचलून माझ्या सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून दिली, तारेला धक्का लागू नये म्हणून खाली पोतं घातलं. त्या चांगुलपणाचा मला इतका राग आला की मी आभारही मानले नाहीत.

संगमाच्या रस्त्यानं निघालो. लबाडी नेवाशात असेल तर चार मैलांवर आवाज यायला नको, असा माझा हिशेब. एका बाभळीखाली सायकल लावली, चौकट उभी केली. लख्ख ऊन होतं. बारा पंचविसाला गाणं पडलं आणि बाईचा आवाज असा मोठा आला की मी दचकून बटण निम्म्यावर आणलं. इथे मायक्रोफोन नव्हता, खोली नव्हती. काळं शिवार, उभी बाजरी आणि मी.

मी चौकट फिरवली. आवाज त्याच रेघेवर मेला जिच्यावर अंगणात मरत होता. एक टोक पुण्याकडे, दुसरं सरळ मागे, कासारखेडकडे.

आता इथे एक गोष्ट आहे जी फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असते. चौकटीला तोंड आणि पाठ यातला फरक कळत नाही. समोरून आलेला आवाज आणि मागून आलेला, दोन्ही तिला सारखेच. रेघ ती बरोबर दाखवते, बाजू दाखवत नाही. बाजू ठरवायची तर चालून बघावं लागतं, आवाज वाढतो की कमी होतो. मी पुण्याला पाठ करून चार मैल आलो होतो आणि आवाज दुपटीनं वाढला होता.

आणखी पुढे जाऊन बघावं असं वाटलं नाही. बाभळीखालून लांबवर कासारखेडच्या भिंती दिसत होत्या. दारं, खिडक्या, तुळया लोक काढून घेऊन गेलेले, त्यामुळे प्रत्येक भिंतीत नुसती भोकं. मी चौकट बांधली आणि आलो तसा परत फिरलो.

४

अंगणात बायका वाट बघत होत्या. रतनबाईनं पाणी दिलं आणि विचारलं, "मास्तर, ती बाई म्हनती आवाजाकडं पाठ करा. मंग आवाज येतो तरी कुनीकडनं? उद्या आमालाच सांगितलं तर तोंड कुनीकडं करायचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विजयमालेनंही पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल थोडा अभिमान दिसला. माझा नवरा जाणता आहे, असं काहीतरी.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला स्वच्छ दिसत होतं. छगनच्या चौकटीत कासारखेडचा आवाज उतरतो म्हणून पंचक्रोशी लोटली असती. नारळ फुटले असते. माझ्या आठ चौकटी चुलीत गेल्या असत्या. त्यापेक्षा ती साधी पुण्याची चौकट राहू दे, असा विचार मी केला. उद्या काही गोंधळ झाला तर छगनच तोंडावर पडेल, हाही विचार केला. हो, केला.

"पुण्याकडून येतो," मी म्हणालो. "दुसरीकडून कुठून येणार? पाठ करायची तर पुण्याकडे."

"म्हंजी तोंड संगमाकडं," छगन म्हणाला.

"संगमाकडे," मी म्हणालो.

५

दुसऱ्या दिवशी कासारखेडच्या जागी एका बाईचं नाव आलं. "कडूबाई, नदीआळी."

कडूबाई आमच्या मागच्या आळीत एकटी राहायची. म्हातारी, पाठीत वाकलेली. ती अंगणात नव्हती; रतनबाईच पळत जाऊन तिला सांगून आली. सरकारनं आता घरवार नावं घ्यायला सुरुवात केली, असं सगळ्यांनी मानलं. रेडिओवर नाव येणं ही लहान गोष्ट नव्हती. आळीतल्या दोघीतिघी तर रुसल्यासुद्धा.

दोनच्या सुमाराला कडूबाई गाठोडं घेऊन माझ्या दुकानासमोर आली. "मास्तर, संगमाकडंच ना?"

तिची लेक त्याच वाटेवरच्या गावात दिलेली होती. मी मनाला म्हटलं, म्हातारी लेकीकडे जाऊन राहील, चार घास सुखाचे खाईल.

"हो. सरळ रस्त्यानं," मी म्हणालो.

ती गेली. पेठेच्या टोकापर्यंत मी बघत होतो. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. लेकीकडे ती पोचली नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं.

६

त्यानंतर दोन दिवस कुणाचंच नाव आलं नाही. तिसऱ्या दिवशी, पाऊण वाजता, मी एका रेडिओचं मागचं झाकण काढून बसलो होतो. विजयमाला धापा टाकत आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला.

"अवो, माझं नाव आलं."

"कुठे?"

"रेडिओवर. विजयमाला, पेठआळी. दोनदा म्हनली ती बाई. लगेच निघा म्हनली."

"आणि माझं?"

"तुमचं न्हाई आलं." ती बिचारी घाबरलेली होती. "चला ना माझ्यासंगं. वर राजूरला लई पानी झालं असंल. सोडलं असंल तिकडच्या धरनातनं."

आणि मला काय वाटलं असेल? भीती? नाही. मला मत्सर वाटला. छगनच्या चौकटीनं माझ्या बायकोचं नाव घेतलं आणि माझं घेतलं नाही. त्याच्या अंगणात, त्या सगळ्यांच्या देखत.

"तुझ्या छगनभाऊंना ने बरोबर," मी म्हणालो.

ती एक पाऊल पुढे आली. मग हळूच म्हणाली, "असं का बोलता? काय केलं मी?"

मी झाकणाचे स्क्रू काढत राहिलो. खरं तर ते आधीच काढलेले होते.

"एवढं तरी सांगा, आवाज पुन्याकडनंच येतो ना? तुमी सांगाल तसं जाते."

शपथेवर सांगतो, त्या क्षणी खरं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि ती ते रतनबाईला सांगणार, रतनबाई छगनला. छगन म्हणणार, "असू द्या, मास्तर." ते 'असू द्या' मला सोसलं नसतं.

"किती वेळा सांगू? पुण्याकडून," मी म्हणालो.

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पायरी उतरली. मला वाटलं, मैलभर जाईल, पाय दुखतील, परत येईल. संध्याकाळी तिला मी चहा करून देणार होतो, तेसुद्धा मनात ठरवलं होतं.

७

चारपर्यंत ती आली नाही. मी दुकान तसंच उघडं टाकून सायकल काढली.

पाऊस नव्हता, आभाळ फिकट होतं. बाभळीच्या पुढे रस्ता संपून काळ्या मातीची वाट लागली. मातीत विजयमालेची पावलं दिसली, चपलेची, छोटी. जरा पुढे चपला होत्या, दोन्ही एकीशेजारी एक, घराबाहेर काढून ठेवाव्यात तशा. तिथून पुढे अनवाणी पावलं. एकटीची नव्हती. तिथे माती इतकी तुडवली गेली होती की किती जण असतील ते कळेना. सगळी एकाच बाजूला गेलेली.

सायकल टाकून मी चालत कासारखेडात शिरलो. माझा एक कान अधू आहे हे सांगितलंय. तरी त्या गावात मला काहीच ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. रेडिओ लावून केंद्र चुकलं की सू असा आवाज येतो ना, तसा येत होता. भिंतींच्या भोकांतून वारा येत असेल. वारा नव्हता, पण काहीतरी कारण असणारच.

गावाच्या टोकाला, नदीकडे उतार लागतो तिथे, ती दिसली. पाठमोरी. हिरवं लुगडं, सकाळचंच. हाकेच्या अंतरावर.

"विजयमाला!"

ती थांबली. मान जरा हलली. मग चालायला लागली, माझ्यापासून दूर.

मी पुन्हा हाक मारली. तिनं पाय उचलला. मी ओरडत पळालो, ती झपझप चालली. तिसऱ्या-चौथ्या हाकेला माझ्या लक्षात आलं. तिला सांगितलं होतं: आवाजाकडे पाठ करावी, चालू लागावे, मागे वळून पाहू नये. माझी हाक हाही आवाजच होता. मी जितका ओरडत होतो तितकी मी तिला पुढे हाकलत होतो.

मी तोंडावर हात दाबून उभा राहिलो. पण ती आता शेवटच्या घराच्या दाराच्या भोकाशी पोचली होती. आत अंधार होता. घराला छप्पर नसताना तो कसा होता ते मला सांगता येणार नाही. त्या अंधारात आणखी पाठी दिसल्या. एक वाकलेली, गाठोडं घेतलेली, ती मी ओळखली. बाकीच्या मी मोजल्या नाहीत. त्या जराशा सरकल्या, आणि मधे एका माणसापुरती जागा झाली.

मी डोळे मिटले नव्हते. तरी पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. भिंत होती, भोक होतं, आणि पलीकडे नदीचा उतार दिसत होता.

८

पोलिसांनी संगमापर्यंत नदी शोधली. पाणी मोठं होतं, काही लागलं नाही. छगन चार दिवस माझ्याबरोबर चिखलात हिंडला, रतनबाई जेवणाचा डबा पाठवत राहिली. छगन ढसाढसा रडायचा. माझी बायको, आणि रडू त्याला येत होतं. मला त्याचाही राग यायचा.

पाचव्या दिवशी दुपारी तो धावत आला आणि हात धरून मला अंगणात घेऊन गेला. बायका गेलेल्या होत्या, नुसती रतनबाई भिंतीला टेकून उभी होती. बारा पंचवीस होऊन गेले होते.

"ही सूचना आहे," रेडिओ पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. राजूरकडचा हेल, 'च' जरा जोरात. तो आवाज विजयमालेचा होता.

ती पेठआळीतली घरं वाचत होती. एकेक नाव, सावकाश. "छगन सुतार. रतनबाई सुतार. यांनी आवाजाकडे पाठ करावी आणि चालू लागावे."

छगननं बटण बंद केलं. "मास्तर, पाया पडतो. खरं सांगा. आवाज कुठनं येतो?"

"मागून," मी म्हणालो. "कासारखेडकडून. चौकटीला मागचं-पुढचं कळत नाही."

"तुमाला कवा कळलं?"

"चौकट घेऊन गेलो होतो, त्या दिवशी."

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो 'असू द्या' म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी बैलगाडी भरून रतनबाईला घेऊन दक्षिणेला, मिरजगावला मेव्हण्याकडे निघून गेला. कासारखेडकडे पाठ, बरोबर दिशेनं. जाताना चौकट माझ्या दुकानासमोर ठेवून गेला. ती दारातून आत येईना, म्हणून मी दाराचं एक फळकूट काढलं.

९

हे सगळं झाल्याला आज बावीस दिवस झाले.

आळी हळूहळू रिकामी झाली. मी प्रत्येकाला खरी दिशा सांगितली, आणि जो गेला त्याचं नाव दुसऱ्या दिवशी यादीतून गळायचं. यादी लहान होत गेली, आवाज मोठा होत गेला. गेल्या आठवड्यापासून बटण अगदी तळाशी ठेवतो, तरी दुकान भरून जातं. ती जवळ येतेय असं म्हणायला मन धजत नाही. हवा बदलली की असं होतं.

परवापासून यादीत कुणीच उरलेलं नाही. "ही सूचना आहे," ती म्हणते. मग थांबते. मी श्वास रोखून ऐकतो. त्या थांबण्यात तिचं आवंढा गिळणं ऐकू येतं. मग, "यांनी आवाजाकडे पाठ करावी आणि चालू लागावे."

त्या रिकाम्या जागेत कोण आहे ते मला लगेच कळलं. सतरा वर्षांत तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. डोहाळजेवणं, बारशी, हळदीकुंकू, बायकांनी अडवलं, उखाण्याचा आग्रह केला, ही लाजून पळून जायची. दवाखान्यात डॉक्टरनं नवऱ्याचं नाव विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवलं होतं.

आणि तुम्हाला हसू येईल, पण मला बरं वाटलं. छगनचं नाव तिनं कसं घेतलं, खणखणीत, सरकारी कागदावरचं वाचावं तसं. माझ्यापाशी येऊन ती अडते. एवढा मान छगनला नाही. मी इथे बसून राहिलो ते भीतीनं नाही आणि धीरानंही नाही. त्या अडण्यासाठी बसून राहिलो. तिनं मला माफ केलं असेल तर त्या थांबण्यात केलं असेल, असं मला वाटायचं.

आज दुपारी मी चौकटीसमोर तोंड करून बसलो. दार माझ्या पाठीमागे. बारा पंचविसाला गाणं पडलं, तसं मी बटण तळाशी नेलं.

"ही सूचना आहे," विजयमाला म्हणाली.

मी वाट पाहिली.

"गहिनीनाथ," ती म्हणाली. न अडखळता, खणखणीत.

विजयमालेनं माझं नाव घेतलं नसतं. मेली तरी घेतलं नसतं. ट्रान्झिस्टर उचलून मी बटण पाहिलं, ते पार बंदवर गेलं होतं. आवाज समोरच्या चौकटीतून आला नव्हता. पायरीवरून आला होता.

तेव्हापासून मी असाच बसून लिहितोय. पाठ आवाजाकडे आहे. समोर भिंत आहे, चालायला वाट नाही.

तिनं आता दुसऱ्यांदा नाव घेतलं.